ठकूबाईच्या सारवणातली अक्षरं

एक होतं गाव. गावाला राजा होता, पण त्याची घाई नको, तो येईल त्याच्या वेळेला. आधी ठकूबाईचं ऐका. आणि ए, पांघरुणात लाथा मारायच्या नाहीत. लाथ मारली की गोष्ट बंद.

तर ठकूबाई. ती लोकांची घरं सारवायची. शेण, माती नि पाणी कालवायची, पदर खोचायची आणि उकिडवी बसून असे सपासप हात मारायची की जमीन बघत राहावी. आता सारवणारी बाई कशी सरकते, ठाऊक आहे? मागे मागे. आतल्या भिंतीपासून सुरू करायचं आणि सरकत सरकत दाराशी यायचं. नाहीतर ओल्यात अडकून बसेल ना! तोंड भिंतीकडे, पाठ दाराकडे. हे लक्षात ठेवा बरं का, पुढे लागणार आहे.

तिला दोन मुली. थोरली सगुणा, सात वर्षांची. धाकटी बाळी, चार वर्षांची. बाप देवाघरी गेलेला. घरात चौथं कोण, तर मनी मांजर.

गावात पंतोजींची शाळा होती, देवळाच्या ओवरीत. ती ओवरी ठकूबाईच सारवायची, दर आठ दिवसांनी. एकदा काय झालं, हात धुता धुता ती म्हणाली, "पंतोजी, माझ्या पोरींना घ्या की शाळेत."

पंतोजी हसले. पोरांकडे बघून म्हणाले, "हिच्या पोरींची पाटी कसली, तर शेणाची!" झालं, चाळीस पोरं खो खो हसली.

ठकूबाई काही मऊ बाई नव्हती. म्हणाली, "शेणाची पाटी मी उचलते म्हणून तुमचं धोतर पांढरं राहतंय. हसा, हसा. पोटभर हसा." आणि तरातरा निघाली.

पण चालता चालता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग ते तिनं पुसलं. मग ती थांबली. मग मनाशी म्हणाली, शाळेत नाही घेत ना? नका घेऊ. मी शाळा घरी घेऊन जाईन.

मग तिनं काय केलं? सारवायला गेली की कान उघडे ठेवायची. पोरं ओरडायची, पंतोजी धुळीच्या पाटीवर बोटानं अक्षर काढायचे. ठकूबाई एका खेपेला एकच अक्षर उचलायची. घरी जाईपर्यंत ते तळहातावर गिरवत जायची, आणि वाटेत कुणी "काय ठके, कुठे निघालीस?" विचारलं तर उत्तर द्यायची नाही. बोललं तर सांडेल ना अक्षर! अशी छत्तीस खेपांत छत्तीस अक्षरं आणली बाईनं.

मग एके दिवशी तिनं आपलं घर सारवायला काढलं. घर कसलं, बोळच तो. एका माणसाच्या रुंदीचं नि लांबच लांब. आतल्या भिंतीशी बसली, एक हात सारवलं, ओल्यात बोटानं क काढला. मागे सरकली, ख काढला. मागे सरकली, ग काढला. चुलीपाशी आली तेव्हा ठ आला. ठकूचा ठ. तिला जरा हसू आलं. स्वतःच्या नावाचं अक्षर तिनं पहिल्यांदा स्वतःच्या हातानं काढलं, आणि ते जरा मोठंच निघालं. असं करत करत उंबऱ्याशी ज्ञ आला नि घर संपलं.

मुलींना म्हणाली, "अक्षरावर पाय द्यायचा नाही. चुकून लागला तर नमस्कार करायचा." पहिल्या दिवशी बाळीनं छत्तीस नमस्कार केले. दुसऱ्या दिवशी सतरा. तिसऱ्या दिवशी एकही नाही, टुणटुण उड्या मारत आत.

ठकूबाई दिवसभर कामाला. तिन्हीसांजेला चुलीपाशी भाकरी थापता थापता चिमट्यानं दाखवायची. "ते काय?" "म!" "ते, जात्यापाशी?" "प!" चुकलं की चिमटा आपटायची. मारायची नाही हं, आपटायची फक्त. आणि सारवण उखडलं की आठव्या दिवशी पुन्हा सारवण, पुन्हा अक्षरं. फक्त ठ तेवढा टिकायचा नाही. चुलीची ऊब लागते म्हणून मनी त्याच्यावरच झोपायची.

दोन्ही मुली तयार झाल्या. झोपेत विचारा, सांगतील. आणि दुपारी खेळून दमल्या की दारातून आत येता येता सगळी अक्षरं ओळीनं म्हणायच्या, तालावर, एकेका उडीला एकेक. ते ठकूबाईनं कधी ऐकलंच नाही. ती कामावर असायची ना.

आता राजाकडे येऊ.

गावात एक मोठी बारव होती. बारव म्हणजे पायऱ्यांची विहीर. ह्या बारवेला छत्तीस पायऱ्या होत्या, आणि तिच्यात राहायची एक जखीण. दचकायचं काही कारण नाही, ती पाणी राखायची. शेवाळासारखे हिरवे केस आणि हातात काठी. बारव देवळाजवळ, त्यामुळे पोरांची अक्षरं तिला रोज ऐकू यायची. वर्षानुवर्षं ऐकून ऐकून तिला ती तोंडपाठ झाली. पण दिसतात कशी, ते कुठे ठाऊक होतं? म्हणून ती राजाला म्हणाली, "इतकी वर्षं तुझं पाणी राखलं. मला अक्षरं लिहायला शिकव."

राजा हसला. "तुला कशाला गं अक्षरं? पाण्यावर लिहिणार आहेस?"

झालं! जखीण अशी भडकली, अशी भडकली, की तळाशी गेली आणि पाणी झाकलं. मग एकेक पायरी वर येत गेली. प्रत्येक पायरीवर एक अक्षर पुटपुटायची आणि काठी आपटायची की वर शिळा पडायची. धाड! पुढची पायरी, धाड! छत्तीस पायऱ्या, छत्तीस शिळा. पाणी भरायला आलेल्या बायका घागरी टाकून पळाल्या. त्यांत आपली ठकूबाईही होती. पण ती थोडं पळाली आणि वळून बघत राहिली. तिला सवयच होती सगळं नीट बघायची.

शेवटची शिळा पडल्यावर जखीण तिच्यावर फतकल मारून बसली. म्हणाली, "छत्तीस अक्षरांनी लावलंय, छत्तीस अक्षरांनी उघडा. तोंडानं म्हणा, सगळी, ओळीनं. चुकलात तर दर चुकीला एक विहीर आटवीन."

बारव सोडली तर गावात विहिरी तीनच. एक राजाच्या वाड्यातली, एक देवळातली, आणि एक वेशीबाहेरची, खालच्या आळीची. ठकूबाईची आळी तीच.

मग पहिल्यांदा आले राजगुरू. शाल पांघरून आले, खाकरले आणि म्हणाले, "क, ख, ग, घ..." अगदी ज्ञपर्यंत, एक चूक नाही. शिळा हलली का? नाही. उलट वाड्यातली विहीर आटली. राणीला त्या दिवशी तोंड धुवायला पाणी नाही.

मग आले पंतोजी. चाळीस पोरं घेऊन आले. एकट्याचा आवाज पोचला नसेल, असं त्यांचं म्हणणं. सगळा गाव जमला. पोरं बेंबीच्या देठापासून ओरडायला लागली, "क! ख! ग!"

आणि एवढ्या गर्दीत आईच्या कडेवरून बाळी केवढ्यांदा तरी म्हणाली, "आई, हे सगळे चुकताहेत! पहिला ज्ञ असतो!"

सगळा गाव हसला. तहानेनं घसे कोरडे पडले होते, तरी हसला. पंतोजी वळले. "बघा, शेणाच्या शाळेतलं ज्ञान! पोरींना उलटी अक्षरं शिकवलीत बाईनं!"

ठकूबाईला काही कळेना. तिनं सगुणाकडे बघितलं. "ताई, तू म्हण गं, कुठून सुरू होतात?" सगुणा हळूच म्हणाली, "ज्ञ पासूनच ना, आई?"

तेवढ्यात पोरं ज्ञपर्यंत पोचली, आणि देवळातली विहीर आटली. पण ठकूबाईला त्याचं काही नव्हतं. ती मुलींचे दंड धरून घरी आली. घराशी आली आणि दारातच थांबली. उंबऱ्यावर उभी राहून तिनं पहिल्यांदा मुलींच्या डोळ्यांनी आपलं घर बघितलं.

पहिला ज्ञ. मग क्ष. मग ळ. आणि क कुठे, तर पार आत, अंधारात, भिंतीशी.

अगं बाई! सारवताना आपली पाठ दाराकडे होती. मुली तर दारातून आत यायच्या. कुणी सांगितलं होतं त्यांना, क पहिला? कुणीच नाही. क पहिला असतो हे काय सांगायचं, असं वाटलं होतं तिला.

ती मटकन खाली बसली. बारव बंद झाल्यापासून आळीच्या विहिरीवर गर्दी, प्यायलाच पाणी पुरेना, म्हणून आठ दिवसांत सारवण झालं नव्हतं. जमिनीला भेगा पडल्या होत्या, पोपडे निघाले होते. ठ तर पुरता उडाला होता. छत्तीस खेपा करून आणलेली अक्षरं, आणि ती अशी उलटी लावली आपण! नवीन काढावीत तर सारवायला तांब्याभर पाणी उरत नाही. आणि सारवणं बंद झाल्यावर पोरी विसरून जातील सगळं. मग त्यांच्याही हातात पोतेरंच. ठकूबाई रडली, बरं का. एवढी खमकी बाई, पण रडली.

बाळी म्हणाली, "आई, मी चुकले?"

"तू नाही गं. मी चुकले. मागे मागे येत अक्षरं लावली, आणि तुम्ही पुढून..."

आणि ठकूबाईनं एकदम मान वर केली. मागे मागे येत?

तिला आठवली जखीण. तळापासून एकेक पायरी वर येत, एकेक अक्षर पुटपुटत शिळा लावणारी. म्हणजे क कुठे असणार? तळाशी! आणि उघडायचं कुठून? वरून! सारवणारीचा शेवटचा हात उंबऱ्याशी पडतो, आणि आत शिरणाऱ्याचं पहिलं पाऊल त्याच हातावर पडतं. हे राजगुरूला कुठून कळणार? त्यानं कधी पोतेरं धरलंय?

ठकूबाईनं डोळे पुसले, नाक शिंकरलं आणि मुलींना घेऊन निघाली.

बारवेशी शेजारची शेवंताक्का आडवी आली. "ठके, शुद्धीवर आहेस का? आता एकच विहीर उरलीय, ती आपल्या आळीची. तुझ्या पोरी चुकल्या तर आपली पोरं काय पिणार? गावात राहू देतील का तुला?"

ठकूबाई म्हणाली, "नाही राहू देणार. पण पोरींनी अक्षरं नाही म्हटली, तरी आठ दिवसांत तीही आटेल, सगळा गाव तिच्यावर आलाय. आणि शेवंताक्का, माझ्या पोरी चुकलेल्या नाहीत." मग राजाला म्हणाली, "महाराज, तिनं खालून लावलंय, वरून उघडायला हवं. ज्ञ आधी."

पंतोजींना पटलं. ते काही वाईट नव्हते, हसरे होते एवढंच. म्हणाले, "मग मीच म्हणतो की!" आणि आधी हळूच मनाशी म्हणून बघितलं. "ज्ञ, क्ष, ळ... ह... मग... थांबा हं. क, ख, ग, घ..." पुन्हा पहिल्यापासून बोटं मोजायला लागले. तुम्ही बघा म्हणून उलटी! जमतात का बघा! जीभ क कडेच धावते. पंतोजींनी कपाळावरचा घाम पुसला. "मला नाही येत," म्हणाले.

मग मुली पुढे झाल्या. जखीण उठून बाजूला सरली. ठकूबाईकडे काठी रोखून म्हणाली, "तू बोलायचं नाहीस. एक शब्द नाही."

ठकूबाईनं पदर तोंडात कोंबला.

सगुणानं बाळीचा हात धरला. दोघींनी डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांपुढे त्यांना आपलं घर दिसलं. हा उंबरा. पहिली उडी. "ज्ञ!"

घर्रर्र! वरची शिळा भिंतीत सरकली. एक पायरी मोकळी.

"क्ष!" घर्रर्र. "ळ! ह! स!" मुली उतरताहेत, शिळा सरकताहेत. ही घडवंची आली. "य! म!" हे जातं आलं. "फ! प! न!" वर सगळा गाव श्वास धरून. "त! ण! ढ! ड!"

आणि सगुणा थांबली.

तिच्या मिटल्या डोळ्यांपुढे जमीन होती, आणि जमिनीवर नुसताच खड्डा. तिथे काय होतं? पोपडा उडाला होता तिथला. कधीपासून उडालेला. काय होतं तिथं? वर जखीण काठी उचलायला लागली. ठकूबाईनं पदर असा चावला की फाटला. ओरडून सांगावंसं वाटत होतं तिला, आणि सांगता येत नव्हतं. शेवंताक्कानं तिचा हात घट्ट धरला होता.

बाळी म्हणाली, "ताई, इथं मनी झोपते."

"झोपते गं, पण तिच्याखाली काय असतं?"

बाळीनं जरा विचार केला. मग तिचं तोंड फुललं. तिथं बसून भाकऱ्या कोण थापतं? "ताई! आईचा ठ!"

घर्रर्र! शिळा सरकली. त्या खोल बारवेत आवाज घुमला, आईचा ठ, आईचा ठ, आईचा ठ. वर ठकूबाईचे डोळे भरून आले. सगळ्या गावानं ऐकलं. राजानं ऐकलं. त्या बाईचं अक्षर राजाच्या बारवेत घुमलं.

मग काय, दोघी सुटल्याच. "ट! ञ! झ! ज!" तळाशी पोचल्या आणि आतल्या भिंतीला हात लावल्यासारखा हात लावून ओरडल्या, "क!"

शेवटची शिळा सरकली, आणि खालून पाण्याची थंडगार वाफ वर आली.

जखीण खाली वाकून बघत राहिली. म्हणाली, "ह्यांना कुणी शिकवलं?"

ठकूबाई पुढे आली. "मी शिकवलं. उलटं शिकवलं, ते चुकून. पण तू सांग, तुला शिकायचं होतं ना? मग पोरांचं पाणी का तोडलंस? ही काय रीत झाली?"

जखिणीशी असं कुणी बोललं नव्हतं कधी. तिनं मान खाली घातली. म्हणाली, "मागितलं होतं गं. तो हसला."

ठकूबाईनं राजाकडे असं बघितलं, असं बघितलं, की राजानं मुकुट काढून हातात घेतला.

"मलाही हसले होते," ठकूबाई म्हणाली. "चल, बस इथं. मी शिकवते."

मग तिनं बारवेचा काठ सारवला, त्याच पाण्यानं. जखीण मांडी घालून बसली. ठकूबाईनं तिचं बोट धरून ओल्यात अक्षर गिरवलं. रोज एक. जखिणीला एक अक्षर आलं की पाणी एक पायरी वर चढायचं. छत्तीस दिवसांत बारव काठोकाठ, आणि आटलेल्या दोन्ही विहिरी भरल्या.

राजा म्हणाला, "ठकूबाई, काय हवं ते माग."

ठकूबाईनं तीन गोष्टी मागितल्या. एक, पाण्याला कुणाला नाही म्हणायचं नाही. दोन, अक्षराला कुणाला नाही म्हणायचं नाही. आणि तीन, पंतोजींनी आठ दिवस माझ्या घरी यायचं, शेणाच्या जमिनीवर बसायचं आणि माझ्या बाळीकडून उलटी अक्षरं शिकायची.

पंतोजी आले हो! पांढरं धोतर सावरत उंबऱ्याशी बसले. बाळीनं चिमटा आपटला. "ते काय?" आठव्या दिवशी पंतोजींना ज्ञ पासून क पर्यंत यायला लागलं. जाताना ते ठकूबाईच्या पाया पडायला वाकले. तिनं मधेच धरलं. म्हणाली, "पंतोजी, नको. तुमच्याच ओवरीतून उचलली मी अक्षरं. तुम्ही हसलात, पण मला बघून पाटी झाकली नाहीत. तेवढे उपकार मी विसरायची नाही." दुसऱ्या दिवशी सगुणा नि बाळी ओवरीत पहिल्या ओळीत बसल्या.

तेव्हापासून त्या गावात रीत पडली. घर सारवलं की लेकराच्या बोटानं उंबऱ्याशी एक अक्षर काढायचं. आणि मग लेकरानं आईचा तो ओला हात धरून कपाळाला लावायचा. शेणाचा वास येतो म्हणून नाक मुरडायचं नाही. ज्या हातानं पहिलं अक्षर दाखवलं, त्याला कसलाही वास येवो, तो हात कपाळालाच लावायचा. कळलं?

जखीण? ती आहे की. पाण्यावर अक्षरं लिहीत बसते. वारा पुसतो, ती पुन्हा लिहिते. पाण्यावर तरंग दिसले की समजायचं, तिचा अभ्यास चाललाय. ठकूबाई सुखानं म्हातारी झाली, मुली शहाण्या झाल्या, आणि मनी अजून चुलीपाशी ठ वरच झोपते.

चला आता, डोळे मिटा. मिटले? मग उंबऱ्यावर उभे राहा. हा ज्ञ. आत चला. क्ष. ळ. ह. हळूहळू, उड्या नाहीत. जात्यावरून पुढे, चुलीपाशी मनीला उठवायचं नाही. असंच आत, आत, अंधारात, पार भिंतीपर्यंत. तिथे क आहे ना, त्याच्याशेजारीच झोप अंथरूण घालून बसलीय. वाट बघतेय तुमची. जा.